काठाच्या वरचं पाणी

“परत गुलाबी?” सिस्टरने दारातूनच विचारलं.

“परत गुलाबी.”

तिसरी वेळ होती. नळीत रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात पांढरी गोळी टाकायची, झाकण लावून हलवायचं आणि थोडं थांबायचं. पाणी होतं तसंच राहिलं, तर वरच्या मजल्यावरची डायलिसिसची बारा मशिनं सुरू करायला हरकत नाही. गुलाबी झाक आली, तर पाण्यात क्लोरीन राहिलंय आणि एकही मशीन सुरू करायचं नाही. नियम इतका सोपा. पण सोपा नियम पाळायची वेळ आली की माणसं किती अवघड होतात, हे हॉस्पिटलची पाण्याची खोली सांभाळताना तिने सतरा वर्षांत पुरेपूर पाहिलं होतं.

सिस्टरने नळी उजेडाकडे धरली. “अगं, ही कसली गुलाबी? मला तर धड दिसतही नाही.”

“चष्मा लावा, दिसेल.”

“वर बारा जण ताटकळलेत. काल विभाग बंद होता, एकेकाच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठलंय. त्या शिवणकामवाल्या काकूंना धाप लागलीये. त्यांना काय सांगू मी? गुलाबी आहे म्हणून?”

“सांगा, पाणी खराब आहे.”

“अख्खं शहर पितंय हे पाणी! पाणीच तर आहे!”

हे शेवटचं वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाणीच तर आहे! हॉस्पिटलचे साहेब हेच म्हणायचे, पेशंटबरोबर आलेले नातेवाईक हेच म्हणायचे, आणि लग्न झालं तेव्हा नवऱ्यानेही हेच म्हणून घेतलं होतं. हॉस्पिटलात तिला सगळे पाणीवाली म्हणत. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या संडासाचा नळ गळला तरी फोन हिलाच, आणि कॅन्टीनमधला पाण्याचा कूलर रिकामा झाला तरी जाब हिलाच.

“शहर दोन पेले पितं सिस्टर, आणि पोट ते निभावून नेतं,” ती म्हणाली. “इथे एकेका माणसाच्या रक्ताशेजारून शंभर-सव्वाशे लिटर जातं. मध्ये काय असतं? कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा. क्लोरीन तिथून आत शिरलं की रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मग काकूंची धाप कायमचीच थांबेल. तसं सांगू का त्यांना?”

सिस्टरने नळी टेबलावर जरा आपटूनच ठेवली आणि जिन्याने वर गेली.

खरं तर पाण्याबद्दल तिला स्वतःलाच चीड होती. पाण्याइतकी भिडस्त वस्तू जगात दुसरी नसेल. कुणाला नाही म्हणणं ठाऊकच नाही. दगडावरून गेलं की दगडातला चुना बरोबर घेणार, लोखंडातून गेलं की गंज घेणार, हवेतून आलं की हवाच पोटात घालून आणणार. ही सगळी बिऱ्हाडं बाहेर काढायला तिच्या खोलीत टाक्यांची रांग होती. एक वाळूची, एक चुना काढणारी, क्लोरीन शोषून घेणाऱ्या कार्बनच्या दोन, आणि शेवटी ते पाणी दाबाने गाळणाऱ्या लांब नळकांड्या. बरं, एवढं करून, सगळ्यांना घालवून तरी ते स्वस्थ बसावं? तेही नाही. इतकं स्वच्छ झालेलं पाणी आणखीच हावरट होतं. तांब्याच्या नळीतून सोडलं तर तांबंच खायला लागतं. म्हणून वर जाणाऱ्या सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या. कुणावर विश्वास टाकायची सोयच नाही.

कार्बन दोनच महिन्यांपूर्वी बदललेला होता. तो इतक्यात संपायचं कारण नव्हतं. तिने शहराच्या पाणीपुरवठ्याला फोन लावला. तिथल्या माणसाने “आमचं सगळं नेहमीसारखंच आहे” असं सांगून फोन ठेवला, म्हणजे त्यानेही हात वर केले. मग साहेबांचा फोन आला.

“काय चाललंय? वर लोक आरडाओरडा करतायत.”

“पाणी चाचणीत बसत नाहीये, साहेब.”

“किती नाही बसत?”

“नाही म्हणजे नाहीच.”

“हे बघा, थोडं पुढेमागे होतंच. तुम्ही रजिस्टरला सही करून टाका, पाळी सुरू करू, मग सावकाश बघा काय ते.”

“मी सही करत नाही. तुम्ही खाली या, तुम्ही करा. पेन देते.”

साहेबांना तेवढ्यात दुसरा फोन आला.

या सगळ्या गदारोळात एक आवाज मात्र जिन्यावरून सरळ तिच्या डोक्यात शिरत होता. “कोण आहे तिकडे पाण्यावर? झोपली की काय? दोन दोन तास लागतात होय एक नळ सोडायला?” वर बसलेल्या बाराही जणांना माहीत होतं की पाण्यावर कोण आहे, आणि ओरडणारा तिचा कोण लागतो. तो खाट क्रमांक चारचा पेशंट होता आणि तिचा बापही होता.

आप्पांनी पंचेचाळीस वर्षं नळ दुरुस्तीचं काम केलं. किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला तीन पेले पाणी, त्यात चहाही आला. ज्या माणसाचा सगळा जन्म पाण्यात गेला त्याला तीन पेले! पण आप्पा रडणाऱ्यातले नव्हते, पळवाटा शोधणाऱ्यातले होते. पेला काठोकाठ भरला की ते चमच्याने आणखी एकेक थेंब सोडायचे. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहायचं, घुमटासारखं, पण सांडायचं नाही. मग आप्पा पेला न उचलताच तोंड खाली नेऊन वरचं पाणी ओढून घ्यायचे.

“आप्पा, हे जास्त झालं.”

“पेल्यातच आहे ना? बाहेर आलंय? मग एकच पेला झाला.”

“पाऊण चमचा जास्त आहे.”

“पाणी स्वतःच स्वतःला धरून उभं राहतंय, तुला का टोचतं?”

पाऊण चमच्यावरून घरात रोज भांडण. बर्फाचं आणखी निराळं. भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगला की त्याचं डोकं काठाच्या वर येतं. आप्पांच्या हिशेबी तो वरचा भाग फुकटचा. तिला ठाऊक होतं की बर्फ पाण्यापेक्षा फुगीर असतो, वितळला की पाणी काठाशीच राहतं, आणि आप्पांना एक थेंबही जास्त मिळत नाही. पण ही गोष्ट तिने त्यांना कधी सांगितली नाही. फसवल्याचं समाधान तरी मिळू दे बिचाऱ्यांना, असं तिला वाटायचं.

गेल्या महिन्यापासून मात्र चमच्याचा खेळ जमेनासा झाला होता. पाणी फुगण्याआधीच सांडायचं. आप्पा टेबलाला नावं ठेवायचे. टेबलाच्या एका पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडीसुद्धा घालून पाहिली होती. टेबल सरळच होतं, पण तिनेही तेव्हा त्याचा फार विचार केला नाही. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय केव्हाच बधिर झालेले होते. हातांचं त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

परवापर्यंत त्यांची पाळी शेवटची होती. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी खिडकी उघडी की बंद यावरून त्यांनी इतकं कडाक्याचं भांडण काढलं, की या आठवड्यापासून सिस्टरने त्यांना सकाळच्या पाळीत टाकलं. त्यामुळे आज पहिल्याच पाळीला ते हजर होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

तिने टाक्यांच्या मागे वाकून सुरुवातीपासून पुन्हा एकेक जोड पाहायला घेतला. वाळूची टाकी ठीक. चुन्याची ठीक. कार्बनच्या टाक्या धुवायच्या असतात तेव्हा पाणी त्यांना टाळून नेण्यासाठी बाजूने एक नळी होती. तिच्यावरचा व्हॉल्व्ह कायम बंद असायचा. तो दांड्याशी थेंब थेंब गळायचा, म्हणून त्याच्याखाली एक बादली ठेवलेली असे. दुरुस्तीचा अर्ज देऊन महिना झाला होता, पण साहेबांकडून उत्तर नव्हतं.

बादली कोरडी होती.

तिने बोटाने व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती चाचपलं. एक थेंब नाही. नट नव्याने आवळलेला होता आणि त्याच्या कडेतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावत होतं. मेण लावलेला दोरा, उलट्या बाजूने गुंडाळलेला. असा दोरा जगात एकच डावखुरा माणूस गुंडाळतो. लहानपणी शाळा सुटल्यावर ती त्याच्या शेजारी बसून दोऱ्याला मेण लावत असे.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. परवा संध्याकाळी पाळी संपली, मशिनं बंद झाली, रजिस्टर द्यायला ती वर गेली. आप्पांना बाहेर बसवलं तर पुन्हा कुणाशी तरी जुंपेल, म्हणून इथेच स्टुलावर बसवलं होतं. जेमतेम पंधरा मिनिटं.

“काय गं, सापडलं का नाही?”

आप्पा दारात उभे होते. अकरा पायऱ्या उतरून त्यांना दम लागला होता, तरी ओरडायचा हुरूप कमी झाला नव्हता. “ती बाई वर अर्धमेली झालीये. काय गोळ्या टाकत बसलीस? पाणी कुठून येतं ते बघावं आधी. एवढी वर्षं शिकवलं तुला, सगळं पाण्यात गेलं.”

“आप्पा, परवा या व्हॉल्व्हला हात लावलात?”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मग काय! महिनाभर बादली ठेवलीस खाली. प्लंबरच्या पोरीच्या खोलीत गळका व्हॉल्व्ह! मला लाज वाटली. खिशात दोरा होता, पाना होता. दहा मिनिटांचं काम.”

“पाना कशाला असतो तुमच्या खिशात?”

“कशाला म्हणजे? चष्मा कशाला असतो?”

“आणि मग बंद केलात?”

“उघडून पाहिला, बंद केला. हे काय विचारणं झालं?”

“आत्ता बंद आहे?”

“अगं, मी केलाय.”

“बघा ना एकदा.” तिचा आवाज चढला होता. सकाळपासून सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, त्या सगळ्याची वाफ आता निघत होती. “बघा बघा. हात लावून सांगा मला.”

आप्पा पुढे आले. टाकीला एक हात टेकवून वाकले, दुसरा हात व्हॉल्व्हच्या चाकावर ठेवला आणि डोळे मिटले. ते नेहमी डोळे मिटूनच नळ बंद करायचे. डोळ्यांना काय कळतं, बोटांना कळतं, असं म्हणायचे. त्यांनी चाक उजवीकडे दाबलं. चाक जागचं हललं नाही.

“घट्ट आहे,” ते म्हणाले. “बंद.”

तिने त्यांच्या हाताशेजारून आपला हात चाकावर ठेवला आणि जोर लावला. दोरा नवा होता, दांड्याला चेपून बसला होता, म्हणून चाक कडक लागत होतं. तो कडकपणा दोऱ्याचा होता. चाक किरकिरत फिरलं. पाऊण फेरा. एक. दीड. मग आत कुठेतरी धातूला धातू टेकला आणि खरोखर थांबलं.

आप्पा तिच्या हाताकडे पाहत होते.

दोऱ्याची पकड कुठे संपते आणि व्हॉल्व्ह कुठे बसतो, हा फरक तिला त्यांनीच शिकवला होता. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून ते म्हणाले होते, हे अडलं, आणि हे बसलं. कळलं? अडणं वेगळं आणि बसणं वेगळं. तिला आता इतकं वाईट वाटलं, की रागाच्या भरात आपण त्यांना हात लावायला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. स्वतःच गुपचूप फिरवून बंद केला असता. कुणाला कळलं असतं?

“कधीपासून?” तिने विचारलं.

आप्पांनी हात मागे घेतला आणि विजारीला पुसला, जणू त्याला ओल लागली होती. “हिवाळ्यात सुरू झालं. आधी करंगळी. मला वाटलं, थंडीने असेल.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगून काय केलं असतंस? अर्ज केला असतास?”

ती उठली. तिने पंप सुरू केला. वर न पाठवता सगळं पाणी गटारात सोडून टाक्या धुवायला लावल्या. अर्धा-पाऊण तास तरी लागणार होता. पंपाचा आवाज ऐकून सिस्टर पळत खाली आली.

“सापडलं?”

“बाजूच्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा उघडा राहिला होता. कार्बनला टाळून पाणी पुढे जात होतं.”

“उघडा कुणी ठेवला?”

“माझ्याकडून राहिला.”

“खोटं बोलतेय ती,” आप्पा स्टुलावर टेकत म्हणाले. “मी ठेवला.”

सिस्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. “तुम्ही? आणि सकाळपासून वर सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं?”

“मीच. पाणी वेळेवर आलं नाही तर पुढेही ओरडणार.”

सिस्टरने कपाळावर हात मारला. “धन्य आहे तुमच्या घराण्याची! एक जण पाणी सोडत नाही आणि दुसरा बंद करत नाही.” जाता जाता ती दाराशी थबकली. नळीतल्या फिकट गुलाबी पाण्याकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं. या वेळी चष्मा लावून. मग वर गेली.

टाक्या धुऊन होईपर्यंत तिने रजिस्टर पुढे ओढलं. काय घडलं ते लिहिणं भाग होतं. साहेब त्यावरून तिला जाब विचारणार, खुलासा मागणार, हे दिसतच होतं. खोली कुलूपबंद ठेवायची हा नियम तिनेच मोडला होता, तेव्हा तो खुलासा द्यायलाही ती तयार होती. ती लिहीत असताना आप्पा म्हणाले, “वाच.”

“कशाला?”

“वाच म्हटलं ना.”

तिने वाचलं. “पाणी विभागाची खोली माझ्याकडून उघडी राहिल्याने खाट क्रमांक चारच्या रुग्णाने व्हॉल्व्हला हात लावला व तो अर्धवट उघडा राहिला.”

“रुग्णाने काय?” आप्पा उसळले. “रुग्ण व्हॉल्व्ह खोलतो होय? रुग्णाला दोरा भरता येतो? खोड ते.”

“मग काय लिहू?”

“प्लंबरने लिही.”

“आप्पा, नियमाने तुम्ही इथले पेशंट...”

“वर पेशंट. इथे खाली मी काम केलं. चुकलं तरी काम मी केलं. रोग्याने चाळा केला, असं नको लिहूस माझ्याबद्दल.” त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. “आणि गळती थांबली, तेही लिही. ती थांबलीये.”

तिने ‘खाट क्रमांक चारच्या रुग्णाने’ या शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘प्लंबरने’. खाली आणखी एक ओळ घातली: व्हॉल्व्हची गळती थांबली आहे. मग सही केली.

चौथ्या वेळी पाणी पाण्यासारखंच राहिलं. तिने नळी पांढऱ्या कागदासमोर धरून एकदा, दोनदा पाहिली, आणि तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. वर मशिनं सुरू झाली. शिवणकामवाल्या काकूंना सगळ्यांत आधी लावलं. दुसरा नंबर आप्पांचा होता, पण ते खुर्चीतून उठले नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर मला लावा, म्हणाले. सिस्टर रागावली, पण त्यांनी ऐकलं नाही. बारावं मशीन लागेपर्यंत ते हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. त्यांना इतकं गप्प बसलेलं त्या विभागात कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं म्हणजे ते कुणाला फारसं आवडलंही नाही. खिडकीवाला शेजारी शेवटच्या पाळीचा, पण त्या दिवशी काही कामाने सकाळीच आला होता. त्याने दोनदा खिडकी उघडून पाहिली, तरी आप्पा काही बोलले नाहीत.

दुपार कलताना ती त्यांना घेऊन घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आप्पा बसले, आणि खिशातून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवू लागले. पाना. मेणाचा खडा. दोऱ्याचं रीळ. मग ते सगळं त्यांनी मनगटाने तिच्याकडे सरकवलं.

“ठेव तुझ्याकडे. चाळणी बदलायला वगैरे लागेल.”

“तुमच्या खिशात असू दे ना.”

“नको. खिसा फाटतो त्याने.”

पंचेचाळीस वर्षं खिशात पाना होता. तिच्या ओठांवर ते आलं होतं, पण तिने पाना उचलला आणि ओट्यावर ठेवला.

“पाणी दे,” आप्पा म्हणाले. “आजचा एकही पेला झालेला नाही. तूच भर. थोडा कमी भरलास तरी चालेल.”

कमी भरलास तरी चालेल! तीन वर्षं पाऊण चमच्यासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस! ती नळापाशी पाठमोरी उभी राहिली आणि तिला स्वतःचाच राग आला, त्यांचा राग आला, साहेबांचा, दोऱ्याचा, पाण्याचा, सगळ्या जगाचा आला. तिने पेला भरून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. काठोकाठ. मग खण उघडून चमचा काढला.

“काय करतेस?”

“गप्प बसा.”

तिने चमच्याच्या टोकावरून एक थेंब सोडला. मग दुसरा. पाणी काठापाशी दचकल्यासारखं हललं आणि स्थिर झालं. पाचवा, सहावा. काठाच्या वर पाणी हळूहळू फुगत गेलं, खिडकीतला उजेड त्यात वाकडा होऊन बसला. आप्पा श्वास धरून पाहत होते. तिने मोजणं सोडून दिलं होतं. आणखी एक सोडला, आणखी एक, आणि तरीही पाणी सांडलं नाही.

“बास,” आप्पा म्हणाले. “आता नाही धरणार ते.”

“कळतं मला,” ती म्हणाली, आणि चमचा बाजूला ठेवला.

आप्पांनी दोन्ही हात मांडीवरच ठेवले. मग टेबलावर वाकले, पार वाकले, आणि पेल्याला हात न लावता काठाच्या वरचं पाणी ओठांनी अलगद उचललं.